आकार पूर्ण, फाईल अर्धी

गुंजीत राहून मी खानापूर-लोंढा पट्ट्यातल्या दुकानांची, स्टुडिओंची कॉम्प्युटरची कामं बघतो. ऐन लग्नसराईत एका स्टुडिओवाल्याचा फोन आला, "दादा, अक्षता पडतानाचा व्हिडिओ उघडतच नाही. साईज तर बरोबर दाखवतंय. आणि कार्ड फॉरमॅट करून दुसऱ्या लग्नाला गेलंय."

मी जाऊन फाईलच्या आतले आकडे काढून पाहिले. सुरुवात ठीक होती. पुढे एका जागेपासून शेवटपर्यंत नुसती शून्यं. एमपी४ फाईलची अनुक्रमणिका कॅमेरा बहुधा सगळ्यात शेवटी लिहितो, तीच नव्हती. मग प्लेअर उघडणार काय?

त्यांच्याकडे विंडोजच्या पीसीवरून व्हिडिओ वायफायने लिनक्स सर्व्हरवर जायचे. तिथला एक प्रोग्राम फोल्डर बघत राहायचा आणि दोनदा पाहून आकार तेवढाच असला की 'झालं' समजून फाईल बॅकअप डिस्कवर हलवायचा. पण विंडोज कॉपी सुरू करतानाच फाईलचा पूर्ण आकार राखून ठेवतं, मजकूर मागून भरत जातं. त्यामुळे आकार पहिल्या क्षणापासून स्थिरच. प्रोग्रामने अर्धी फाईल उचलली आणि मूळ जागेवरून पुसली. लिनक्समध्ये उघडी फाईलही पुसता येते. लिहिणाऱ्याला पत्ता लागत नाही, तो आपला नाव नसलेल्या फाईलमध्ये लिहीत राहतो. पीसीवर कॉपी पूर्ण झाल्याचंच दिसलं. त्या भरवशावर कार्ड पुसलं गेलं, आणि एका घरची अक्षतांची वेळ कायमची गेली.

म्हणून आकारावर विसंबू नका. लिनक्सवर 'एलएसओएफ' किंवा 'फ्यूजर' ही आज्ञा फाईल कुणी उघडून धरली आहे ते सांगते. या प्रकरणात तिने सांबाचं, म्हणजे विंडोजकडून आलेल्या फाईली लिनक्स सर्व्हरवर लिहिणाऱ्या प्रोग्रामचं, नाव लगेच दाखवलं असतं. मात्र ती ज्या मशीनवर फाईल आहे तिथेच चालवायला हवी, दुसऱ्या मशीनवरचा लिहिणारा तिला दिसत नाही. फाईल बंद झाल्याची सूचना लिनक्समधली 'आयनोटिफाय' ही सोय देते, तीही उपयोगाची. पण लिहिणारा प्रोग्राम मध्येच कोसळला तरी फाईल बंद होतेच, तेव्हा बंद म्हणजे पूर्ण असं धरता येत नाही. विंडोजवर फाईल फक्त आपल्यासाठी उघडून बघावी. नकार आला तर कुणीतरी वापरतंय, कदाचित अँटिव्हायरसच.

हे सगळे बाहेरून बांधलेले अंदाज. माझ्या मते खात्रीचा मार्ग एकच: काम संपल्याचं लिहिणाऱ्यानेच सांगावं. फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहायची, पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं. डिस्कच्या त्याच पार्टिशनवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट राहत नाही. क्रोम डाउनलोड होताना 'सीआरडाउनलोड' शेपूट लावतं आणि फायरफॉक्स 'पार्ट' लावतं, ते याचसाठी. त्या स्टुडिओत आता असंच चालतं. शिवाय कार्डावरच्या आणि बॅकअपमधल्या फाईलचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, जुळल्याशिवाय काहीच पुसलं जात नाही.

स्टुडिओवाल्यांना एवढंच सांगणं आहे: प्रोग्राम कितीही चांगला असो, बॅकअपमधला व्हिडिओ उघडून शेवटच्या मिनिटापर्यंत ओढून बघा आणि मगच कार्ड फॉरमॅट करा.