मध्यवयाचा वाढीचा तक्ता

बालरोगतज्ज्ञाने मध्यवयावर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु आमच्या दवाखान्यात मूल एकटे कधीच येत नाही. ते दहावी-बारावीला पोचते तोवर त्याचे आईवडील पंचेचाळिशी-पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेले असतात, आणि मुलाच्या तक्रारी सांगता सांगता पुष्कळदा स्वतःविषयीच बोलू लागतात. 'सगळे आहे, पण आता पुढे काय, ते उमगत नाही', असा त्या बोलण्याचा आशय असतो. आपल्या मंडळातील बरेच सभासदही आज त्याच वयात आहेत. मुले शिक्षणासाठी परगावी वा परदेशी गेलेली, घरी वृद्ध आईवडील, आणि तीस वर्षे खपून उभे केलेले रुग्णालय पुढे कोण चालवणार हा प्रश्न! म्हणून या विषयाचा थोडा विचार करू.

अरिष्ट नव्हे, टप्पा

'मध्यवयातील अरिष्ट' ही संज्ञा एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाच्या १९६५ सालच्या निबंधामुळे रूढ झाली. पुढे ती इतकी लोकप्रिय झाली, की चाळिशीनंतर प्रत्येकाला हा झटका यायचाच, असा समज पसरला. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत १९९५ साली मध्यवयाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याला जोडून झालेल्या पाहणीत, आपल्याला असे अरिष्ट अनुभवास आले, असे सांगणारे सुमारे एक चतुर्थांशच होते. आणि त्यांतील अनेकांच्या बाबतीत कारण वय नसून आजार, मृत्यू, नोकरी जाणे यांसारखी घटना होती.

एरिक एरिक्सन यांची मांडणी मला अधिक उपयुक्त वाटते. ते मूळचे बालमनोविश्लेषक. बाल्य आणि समाज यांवरील १९५० सालच्या ग्रंथात त्यांनी मानवी विकासाचे आठ टप्पे सांगितले. त्यांतील सातवा मध्यवयाचा. पुढच्या पिढीसाठी काही घडवणे, किंवा स्वतःभोवतीच साचून राहणे, असा त्यातील पेच आहे. विकास अठराव्या वर्षी संपत नाही, हे या मांडणीचे सार होय.

आधी तपासणी, मग तत्त्वचिंतन

मात्र प्रत्येक उदासीला 'टप्पा' म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे. थकवा, चिडचिड, झोप न लागणे, कशातच रस न वाटणे, या तक्रारींमागे थायरॉइडची न्यूनता, मधुमेह, रक्तक्षय, शाकाहारी कुटुंबांत हमखास आढळणारी बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असू शकतो. स्त्रियांत रजोनिवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांतील बदल याच सुमारास होतात. मन सतत खिन्न आहे, आवडीच्या गोष्टींतही आनंद उरलेला नाही, असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले, तर नैराश्याचा विचार करून मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. इतरांना तपासण्या लिहून देणारे आपण डॉक्टर स्वतःचे रक्त तपासण्यास मात्र वर्षानुवर्षे टाळाटाळ करतो, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे.

दुसऱ्या वर्षाचे वजन

तपासण्या निर्दोष निघाल्या, तरी प्रश्न उरतोच. येथे बालरोगशास्त्रातील एक नित्याचे उदाहरण उपयोगी पडेल. जन्मतः तीन किलो असलेले बाळ वर्षाचे होईतो साधारण नऊ किलोचे होते. म्हणजे एका वर्षात सहा किलो. दुसऱ्या वर्षी मात्र ते जेमतेम दोन-अडीच किलोच वाढते. भूकही कमी होते. 'हा काही खातच नाही हो', म्हणून आई काकुळतीला येते. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते. त्या वर्षी मूल चालू लागते, बोलू लागते, 'मी' आणि 'माझे' म्हणू लागते. वाढ थांबलेली नसते. तिचे स्वरूप बदललेले असते. आई मात्र पहिल्या वर्षाच्या मापाने दुसरे वर्ष मोजत असते.

मध्यवयातील पुष्कळशी बेचैनी याच जातीची आहे. पंचविशी ते पंचेचाळिशी हा पदव्या, घर, प्राप्ती, नाव वाढण्याचा काळ. नंतर ही वाढ मंदावते, आणि तिची भूकही मंदावते. त्याच काट्यावर स्वतःला पुन्हापुन्हा तोलून आपण खचतो. मग कोणी नवी मोठी इमारत बांधायला काढतो, कोणी सर्वच सोडून देण्याच्या गोष्टी करतो. दोहोंऐवजी माप बदलणे हिताचे. मी किती मिळवले, यापेक्षा माझ्यामुळे कोण काय शिकले, कोणाचे काय उभे राहिले, हे या टप्प्याचे माप आहे.

१९१६ सालची दोन उदाहरणे

पंडित विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. संगीताचा नाद विद्यार्थिदशेपासूनचा. १९०० साली पत्नी आणि १९०३ साली कन्या निवर्तली. त्यानंतर वकिली बाजूला ठेवून, चव्वेचाळिसाव्या वर्षी, १९०४ साली ते दक्षिणेच्या संगीतयात्रेस निघाले. १९१६ साली महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने आपल्या बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा तिचे सूत्रधार असलेले भातखंडे पंचावन्न वर्षांचे होते. ग्वाल्हेर आणि लखनौ येथील संगीत महाविद्यालये त्यानंतरची.

त्याच वर्षी पुण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. ते तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून ते १९१४ साली निवृत्त झाले होते.

ही माणसे थोर होती, आपण सामान्य, हे खरेच. तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोघांनीही पन्नाशीत एकाएकी नवे ध्येय शोधून काढले नाही. भातखंड्यांचे संगीत वकिलीच्या आधीपासून होते. कर्व्यांचे स्त्रीशिक्षणाचे कार्य १८९६ पासून अध्यापनाच्या जोडीने चालू होते. उपजीविकेच्या कडेने वर्षानुवर्षे वाहणारा प्रवाह त्यांनी मध्यभागी आणला, एवढेच.

आपला तक्ता

वाढीच्या तक्त्यावरील एका बिंदूवरून बालरोगतज्ज्ञ निष्कर्ष काढत नाही. तीन-चार नोंदी जोडल्यावर रेषा दिसते, आणि रेषेवरून दिशा. हाच नियम स्वतःस लावावा. एखाद्या वाईट महिन्यावरून आयुष्याचा निवाडा करू नये. तिशी, चाळिशी आणि आज, अशा तीन नोंदी कागदावर कराव्यात : कोणते काम मोबदल्याशिवायही करावेसे वाटले? लोक कोणत्या गोष्टीसाठी आपण होऊन माझ्याकडे आले? कोणते काम आता दुसऱ्याच्या हाती देता येईल? तीनही वेळा जे उत्तर पुन्हा आले, तेथे आपली रेषा आहे. मग आठवड्याची एक दुपार त्या कामाला द्यावी, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. ही नोंद पतिपत्नींनी वेगवेगळी करून मग एकमेकांना वाचून दाखवावी. कारण दिशा बदलली, की दोघांचेही घर बदलते.

रुग्णालय कोण चालवणार, या प्रश्नाचेही उत्तर कदाचित येथेच सापडेल. वारस म्हणजे केवळ मुलगा वा मुलगी नव्हे. आपण हाताला धरून शिकवलेला तरुण सहकारी, परिचारिका, गावातील शाळेत सुरू केलेली आरोग्यतपासणी, हेही वारसच. आपल्या मंडळातील ज्येष्ठ आणि नुकतेच व्यवसायात आलेले सभासद महिन्यातून एकदा एकत्र बसले, तर अशा कामांची सुरुवात आपल्याच सभागृहात होऊ शकेल. सभासदांनी यावर अवश्य विचार करावा, ही विनंती.