पीएच.डी. नंतर काय? : काही विचार

‘डॉक्टर’ ही उपाधी नावाआधी लागली, की आपल्या समाजात माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. गावात सत्कार होतो, दैनिकाच्या आतल्या पानावर छायाचित्र छापून येते, आणि एखादे आजोबा गुडघेदुखीवर औषधही विचारतात! कौतुकाचे हे चार दिवस सरले, की एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो : आता पुढे काय? वय तिशीच्या पुढे गेलेले असते. बरोबरीचे मित्र बँकेत वा कचेरीत स्थिरावलेले असतात. आणि आपले डॉक्टरसाहेब तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांच्या मध्ये एस.टी.ने ये-जा करीत असतात. वर्ष संपले की तासिकाही संपतात.

मी स्वतः याच वाटेवरचा एक संशोधक विद्यार्थी असल्याने हा प्रश्न मला केवळ चर्चेचा वाटत नाही. प्रस्तुत लेखात मी त्याच्या दोन बाजूंचा विचार करणार आहे. पीएच.डी. झालेल्यांना कोणत्या वाटा खुल्या असतात, ही पहिली. आणि त्या वाटांवर उभे असलेल्यांपुढे स्वतःला कसे मांडावे, ही दुसरी.

पात्रता आणि नेमणूक

पीएच.डी. म्हणजे प्राध्यापकाची खुर्ची, असे समीकरण आपल्या मनात घट्ट बसलेले आहे. नियमांचा अलीकडचा इतिहास मात्र निराळे सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने विद्यापीठ विभागांतील सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. अनिवार्य केली. पुढे ती मुदत जुलै २०२३ पर्यंत लांबली. तो दिवस उजाडताच आयोगाने नेट, सेट वा स्लेट हीच किमान अट ठरवून पीएच.डी. ऐच्छिक केली. पाच वर्षांच्या आत एकाच पदवीचे स्थान असे खालीवर झाले.

याच २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयीन पदांच्या छाननीचे एक कोष्टक आहे. शंभर गुणांपैकी पदवीला जास्तीत जास्त २१, पदव्युत्तर पदवीला २५, पीएच.डी.ला २५, जे.आर.एफ.सह नेटला १०, अध्यापनाच्या अनुभवाला १०, प्रकाशित संशोधनाला ६ आणि पुरस्कारांना ३, अशी ती वाटणी होती. हे गुणही मुलाखतीला कोणाला बोलवायचे, एवढे ठरविण्यापुरतेच. प्रत्यक्ष निवड मुलाखतीवर. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षे लागतात. म्हणजे इतक्या वर्षांच्या परिश्रमाने आपण दारापर्यंत पोहोचतो. आत जाण्यासाठी आणखी काही लागते. नियम पुढेही बदलत राहतील, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात आणि त्या वेळचा नियम मुळातून वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

तीन डॉक्टर

खुर्ची नाही म्हणून पदवी वाया गेली, हा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. महाराष्ट्राच्या विद्याजगतातील तीन नावे या संदर्भात आठवतात.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९११ मध्ये डॉक्टरेट मिळविली. भारतीय जातिसंस्थेवरील त्यांचा ग्रंथ त्याआधीच, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. मायदेशी परतल्यावर कलकत्ता विद्यापीठात त्यांनी काही काळ अध्यापन केले, पण त्यांचे नाव राहिले ते महाराष्ट्रीय ज्ञानकोशामुळे. तेवीस खंडांच्या या कामासाठी त्यांनी रीतसर कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले आणि लेखनासाठी माणसे जमविली. ज्याला ज्ञानकोश म्हणजे काय हेच ठाऊक नाही, अशा गृहस्थाला त्याची गरज पटवून देणे, हेही त्यांना करावे लागले.

डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिन विद्यापीठाचे डॉक्टर. शाकटायनाचे व्याकरण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. परतल्यावर त्यांनी नोकरी केली पुरातत्त्व खात्यात. १९२५ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादकपद त्यांच्याकडे दिले. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. सुखठणकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यांनी घालून दिलेल्या शिस्तीवर ते काम १९६६ मध्ये तडीस गेले. प्रबंधाचा विषय मागे राहिला, पण पाठ ताडून पाहण्याची सवय जन्मभर उपयोगी पडली.

तिसरे नाव डॉ. इरावती कर्वे यांचे. त्यांनीही बर्लिनलाच डॉक्टरेट घेतली. १९३१ ते १९३६ या काळात त्यांनी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदाचे, म्हणजे निव्वळ प्रशासनाचे, काम पाहिले. डेक्कन कॉलेजमध्ये त्या आल्या १९३९ मध्ये. मानववंशशास्त्राच्या या विदुषीने पुढे ‘युगान्त’ लिहिले, आणि ते सामान्य वाचकाने उचलून धरले. आपली विद्या परक्या वाचकाच्या भाषेत नेण्याचे ते सामर्थ्य होते.

या तिघांची बुद्धी असामान्य होती, हे मान्य. शिवाय त्या काळी डॉक्टर मोजकेच होते, आज ते पुष्कळ आहेत, हेही खरे. पण आपल्या विषयाच्या चौकटीबाहेरचे काम कमीपणाचे मानायचे नाही, ही त्यांची वृत्ती उचलायला असामान्य बुद्धी लागत नाही.

प्रबंधाच्या पोटात काय असते?

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ असे आपण म्हणतो. संशोधकाची अडचण अशी, की त्याचे कांकण अस्तनीत झाकलेले असते. प्रबंधाचे शीर्षक वाचून बाहेरच्या माणसाला काहीच बोध होत नाही. त्यातून आपल्याकडे दर दुसऱ्या शीर्षकाचा शेवट ‘एक चिकित्सक अभ्यास’ असा ठरलेला!

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, कोणी ‘अठराव्या शतकातील घाटमार्गांवरील जकात : एक चिकित्सक अभ्यास’ असा प्रबंध लिहिला. या विषयाची नोकरी कोठेही नसते. पण तो लिहिताना या व्यक्तीने काय काय केले? ती मोडी वाचायला शिकली. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल सोडून त्यांतील कामाचे कागद तिने वेगळे काढले. जुनी मापे आणि नाणी यांचा मेळ घालून हिशेब जुळविले. परस्परविरोधी पुराव्यांतून मत बनविले, आणि चारशे पानांचा मजकूर एकहाती, मुदतीत पुरा केला.

आता हीच व्यक्ती तीन ठिकाणी अर्ज करते असे समजू. महाविद्यालयाच्या निवड समितीला तिने सांगावे, की मराठ्यांचा इतिहास मी अस्सल कागदांच्या आधारे शिकवू शकेन, आणि विद्यार्थ्यांना मोडीची ओळखही करून देईन. अभिलेखागारास वा वस्तुसंग्रहालयास सांगावे, की कागद वाचणे, लिप्यंतर करणे आणि सूची तयार करणे मला येते. प्रकाशकाला किंवा कोशाच्या संपादकाला सांगावे, की लांबलचक मजकूर मी तपासू शकते, संदर्भ पडताळू शकते आणि ठरल्या दिवशी काम हातावेगळे करू शकते. माणूस एकच, प्रबंधही एकच. समोरच्याची गरज ओळखून सांगण्याचा क्रम तेवढा बदलला. यात खोटे काहीच नाही.

वाईचा मराठी विश्वकोश, डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोश, राज्याची अभिलेखागारे, भाषांतर, प्रकाशनसंस्था, सामाजिक सर्वेक्षणाची कामे ही सारी कलाशाखेच्या संशोधकाची क्षेत्रे आहेत. तेथे जागा मुबलक आहेत असे मी म्हणणार नाही. पण त्यांचा विचारच न करता दहा वर्षे एकाच दारावर धक्के मारीत बसणे शहाणपणाचे नव्हे.

स्वतःची मांडणी

या बाबतीत चार गोष्टी विद्यार्थी मित्रांपुढे ठेवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट परिचयपत्राची. ते दोन प्रकारचे असावे. विद्यापीठीय पदासाठी सविस्तर, आणि इतर ठिकाणी एक पानी. एक पानी परिचयपत्रात हजर राहिलेल्या प्रत्येक चर्चासत्राचे प्रमाणपत्र नोंदवू नये. आपण काय करू शकतो, हे वरच्या चार ओळींत आले पाहिजे.

दुसरी गोष्ट प्रकाशनांची. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापून देणारी नियतकालिके पुष्कळ आहेत. आयोगाची ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आहे. असे दहा लेख गाठीशी असण्यापेक्षा जाणकारांनी तपासलेले दोन बरे. शिवाय गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात प्रबंध जगाला खुले असतात. मुलाखत घेणारा ते उघडून पाहू शकतो, हे ध्यानात असावे.

तिसरी गोष्ट दोन मिनिटांच्या निवेदनाची. ‘तुमच्या प्रबंधात नवे काय?’ हा प्रश्न मुलाखतीत येतोच. त्यावर प्रकरणांची नावे सांगत सुटणे हे उत्तर नव्हे. प्रश्न कोणता होता, साधने कोणती वापरली, सापडले काय आणि त्यामुळे पूर्वीच्या समजुतीत काय फरक पडतो, या चार पायऱ्या पुरेशा आहेत. वरच्या उदाहरणातील संशोधकाने ‘कोकणातून देशावर जाणाऱ्या मिठाच्या गोणीवर वाटेत किती ठिकाणी जकात पडे, हे मी शोधत होते’ असे म्हटले, तर अर्थशास्त्राचा प्राध्यापकही कान टवकारतो आणि शिपाईही.

चौथी गोष्ट मर्यादा सांगण्याची. जे आपण पाहिले नाही, ते पाहिले नाही असे शांतपणे सांगता येणे, हेच संशोधनाच्या शिक्षणाचे फळ आहे. ठोकून दिलेले उत्तर अनुभवी परीक्षकाला लगेच ओळखू येते.

समारोप

जे मित्र पीएच.डी.च्या विचारात आहेत, त्यांनी नाव नोंदविण्यापूर्वीच स्वतःला विचारावे : उद्या प्राध्यापकी मिळाली नाही, तरी हा विषय मला करावासा वाटेल काय, आणि तो करताना मी कोणते कसब शिकेन? दोन्हींची उत्तरे मिळाली तर खुशाल पुढे जावे. केवळ पुढचे काही सुचत नाही म्हणून पीएच.डी. करणे म्हणजे प्रश्न पाच वर्षे पुढे ढकलणे होय, आणि तोवर घरच्या जबाबदाऱ्या थांबत नाहीत.

गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या महाविद्यालयातील संशोधकांनी दर सत्रात एकदा प्रथम वर्षाच्या वर्गापुढे दहा मिनिटे आपला विषय सांगावा, अशी प्रथा पाडता येईल. याला खर्च काही नाही. प्रथम वर्षाचा वर्ग दाद देतानाही मोकळा असतो आणि जांभई देतानाही. ज्याला या वर्गापुढे आपले काम समजावून देता आले, त्याला निवड समितीपुढे उभे राहताना फारसे जड जाणार नाही.