मराठीचा पेपर आणि बाकीचे तीन पर्याय

"मराठी तर तिला येऊनच राहिली नं सर, तिचा काय अभ्यास करायचा?"

कोराडीत बारावीच्या पालकांशी बोलायला बसलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. वीज केंद्राच्या सावलीत वाढलेल्या या गावात आयटीआय, डिप्लोमा, जेईई यांची माहिती घराघरांत असते. पण लेकीनं 'मला साहित्य शिकायचंय, दिल्लीला किंवा बनारसला' असं म्हटलं की घर गोंधळतं. त्या प्रवेशाला सीयूईटी द्यावी लागते आणि त्यात भाषेचाही पेपर असतो, हे कळेपर्यंत जानेवारी उजाडलेला असतो.

पेपर असतो कसा?

केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी ही परीक्षा २०२२ पासून होते. भाषांच्या यादीत १३ भाषा आहेत, त्यांत मराठीही आहे. २०२५ च्या रचनेनुसार ५० प्रश्न, सगळे सोडवायचे, वेळ ६० मिनिटं. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक असे तीन प्रकारचे उतारे, शिवाय शब्दसंपत्ती आणि वाक्यांचा क्रम लावणे. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलांसोबत बसून वाचा.

बारावीची कृतिपत्रिका लेखी ८० गुणांची, तीन तासांची. तिथे रसग्रहण लिहायचं, स्वमत मांडायचं. चार ओळी जास्त लिहिल्या तरी चालतं. इथे लिहायचं काहीच नाही. संगणकावर चार पर्याय समोर येतात आणि एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात, त्यातच उतारा वाचायचा. 'युवकभारती'तले धडे पाठ असून भागत नाही, कारण उतारा अनोळखी असतो. वर्षभर केलेली आकलनाची सवय मात्र इथेही कामी येते.

एक नमुना

सरावासाठी मी मुलांना हा उतारा देतो:

'निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी आजोबा सकाळी चहाआधी गच्चीवर जायचे आणि चिमणीकडे बघायचे. धूर दिसला की खाली येऊन म्हणायचे, "चला, चहा टाका." धूर नसला, त्या दिवशी त्यांच्यासमोरचा चहा तसाच गार होऊन जायचा.'

शेवटच्या वाक्यातून काय सूचित होतं?
(१) आजोबा निवृत्त झाले होते.
(२) आजोबांचा जीव अजून कामात अडकलेला होता.
(३) घरचे आजोबांकडे लक्ष देत नसत.
(४) आजोबांना चहा मुळीच आवडत नसे.

बरीच मुलं पहिल्यावर बोट ठेवतात, कारण ते उताऱ्यात लिहिलेलंच आहे. पण प्रश्न तो नाही. तिसरा पर्याय मनाला पटतो, उताऱ्यात मात्र त्याला कुठलाच आधार नाही. चौथ्यातला 'मुळीच' हा शब्दच त्याला पाडतो. उरतो दुसरा. चुकीचे पर्याय बहुतेक या तीन साच्यांतून येतात: खरं पण गैरलागू, पटणारं पण उताऱ्याबाहेरचं, आणि टोकाचं.

म्हणून एक वेगळी वही घाला. रोज एक उतारा, पाच प्रश्न. बरोबर उत्तराला नुसती खूण करा आणि बाकीचे तीन का नाहीत, ते एकेका ओळीत लिहा. चाळीस मिनिटांत काम होतं. उताऱ्यांसाठी वर्तमानपत्रातले अग्रलेख, दिवाळी अंकांतल्या कथा, जुनी पाठ्यपुस्तकं पुरेशी आहेत.

वजा गुणाची भीती

'येत नसेल तर सोडून दे' हा पालकांचा लाडका सल्ला. जरा हिशेब करा. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळलं आणि उरलेल्या दोनांतून अंदाजानं एक निवडला, तर अशा दहा प्रश्नांत साधारण पाच बरोबर येतील. २५ मिळाले, ५ गेले, पदरात २० पडले. सोडून दिले असते तर शून्य. तेव्हा एकेक पर्याय खोडायला शिकणं हीच या पेपरची खरी तयारी.

घरची बोली

आता त्या 'येऊनच राहिली'बद्दल. ही नागपुरी बोली आहे, तिची लाज बाळगायचं कारण नाही. कथेच्या उताऱ्यातला संवाद बोलीत आला, तर आपली मुलं तो झटकन ओळखतील. पण शुद्ध वाक्य निवडायला सांगितलं, तर 'तो जेवून राहिला' नव्हे, 'तो जेवत आहे' हे प्रमाण रूप कळायला हवं. वहीची शेवटची दोन पानं अशा जोड्यांसाठी राखून ठेवा.

दुसरी वाट उघडी ठेवा

कोणत्या अभ्यासक्रमाला कोणती भाषा आणि कोणते विषय लागतात, हे विद्यापीठागणिक वेगळं असतं. आधी ते तपासा, मग पेपर निवडा. नागपुरातल्या बहुतेक महाविद्यालयांत बीएचा प्रवेश बारावीच्या गुणांवरच होतो, त्यामुळे सीयूईटी बिनसली म्हणून वर्ष बुडत नाही. मात्र त्यासाठी बोर्डाच्या परीक्षेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपतं, सीयूईटी अलीकडे मे महिन्यात येते. मधले आठवडे पूर्ण सरावपेपरांसाठी ठेवा, आणि तेही माऊस हातात घेऊन. केंद्र नागपुरात असेल तर आदल्या दिवशी जागा बघून या. मेच्या उन्हात पत्ता शोधत फिरण्यात मुलांचा जीव अर्धा होतो.

आणि त्या बाबांचं काय? त्यांना मी सांगतो, मराठी तुम्हालाही येऊनच राहिली नं? मग संध्याकाळी ड्यूटीवरून आलात की 'किती मार्क पडले' विचारू नका. वही उघडा, एक उतारा तुम्हीही वाचा आणि मुद्दाम चुकीचा पर्याय निवडून तिच्याशी वाद घाला. तुमचं उत्तर तिनं कारणासकट खोडून काढलं, की त्या दिवसाचा अभ्यास झाला.