कासेआधी कान बघा

आमची बरीच जमीन चाकण एमआयडीसीत गेली. मुलगा कंपनीत पाळीवर जातो. घरी चार संकरित गाई, त्यांचं मी आणि मंडळी बघतो. दूध रोजचं ३० लिटर. दुधाचे भाव पडले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये शासनानं गाईच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान दिलं. अट अशी, की शेतकऱ्याचं आधार, बँक खातं आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तिन्ही जुळले पाहिजेत. मी निर्धास्तपणे अर्ज दिला. तो परत आला.

चारांपैकी एकाच गाईचं सगळं जुळत होतं. दोघी चाकणच्या शनिवारच्या बाजारातून आणलेल्या, त्यांचे बारा आकडी नंबर अजून आधीच्या मालकांच्या नावावर. घेताना कास पाहिली, सड पिळून पाहिले, दात मोजले. कानाकडं लक्षच दिलं नाही. चौथीचा बिल्ला काटेरी तारेत अडकून कान चिरून गेला होता. नोंदी दुरुस्त होईपर्यंत महिना उलटला आणि साडेचार हजार रुपये गेले.

त्या चौथीची गोष्ट मला जास्त लागली. २०२२ मध्ये लंपी त्वचारोग आला तेव्हा डॉक्टर लस टोचायला गोठ्यात आले होते. नवा बिल्ला मारतो म्हणाले. कानात किडे पडतील म्हणून मीच नको म्हटलं. लस टोचली गेली, पण गाईच्या नंबरावर चढली नाही. शेजारची गाय अंगभर गाठी येऊन गेली, ते डोळ्यांनी पाहूनही मला अक्कल आली नाही. लंपीची, लाळ्या-खुरकुताची लस कधी टोचली, हे त्या नंबरावरच कळतं. बाजारात दहा गावची जनावरं एका दावणीला उभी राहतात. कोणतं कुठून आलं हे माहीत नसेल तर रोग अडवायचा कसा?

म्हणून अनुदानाला घातलेली ही अट मला रास्त वाटते. मात्र घरातला तरणा माणूस पहिल्या पाळीला गेला की दवाखान्याच्या वेळेत जनावर धरायला ताकदीचं कोणी नसतं. बिल्ले मारायला सुट्टीच्या दिवशी गावात शिबिर घ्यावं, ही माझी मागणी आहे.

१ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही. तेव्हा सौदा ठरला की दवाखान्यात जाऊन नोंद त्याच आठवड्यात आपल्या नावावर करून घ्या. नवी गाय तीन आठवडे वेगळी बांधा. बिल्ल्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, गळाला तर लगेच दुसरा मारून घ्या. जखमेला औषध लावत राहिलं की कान भरून येतो. दुसऱ्याच्या गाईचा नंबर आपल्या अर्जावर कधीही लिहू नका.

येत्या शनिवारी चाकणला गाय बघायला जाणार असाल, तर सडाला हात लावण्याआधी तिचा कान उलटा करून नंबर वाचा.