वाचकांचे प्रश्न : खूप चाललेली हायब्रिड घ्यावी काय?

प्रश्न : बंगळूर येथे नोंदलेली 2016 सालची टोयोटा कॅमरी हायब्रिड माझ्या परिचयातील एक गृहस्थ साडेआठ लाख रुपयांस देऊ करीत आहेत. गाडी 1,72,000 किलोमीटर चालली आहे. देखभाल वेळच्या वेळी झाल्याचे ते सांगतात. माझी सध्याची लहान पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि वर्षाला सुमारे 9,000 किलोमीटर चालते. इतकी चाललेली गाडी घ्यावी काय? इंधनात बचत होईल काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण हायब्रिडच्या सौद्यात बहुतेक गिऱ्हाइके तेथेच फसतात. याच आकाराची निव्वळ पेट्रोल गाडी शहरात लिटरला 10 किलोमीटर देईल आणि ही 15-16 देईल असे गृहीत धरले, तरी तसली मोठी पेट्रोल गाडी आपण घेणारच नव्हता. आपली तुलना दारातल्या लहान गाडीशी व्हावयास हवी, आणि ती केली असता आज वर्षाला लागणारे 600 लिटर पेट्रोल उद्याही जवळजवळ तितकेच लागेल. शिवाय ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने साठविण्यातच या यंत्रणेचे मर्म असल्याने, आपला प्रवास मुख्यतः पुणे-बंगळूर महामार्गावरचा असेल तर तिचा लाभ आणखी रोडावेल. आपण ऐसपैस बैठक आणि निःशब्द चाल विकत घेत आहात. त्यास मोल द्यावयास माझी हरकत नाही. ते बचतीच्या खाती मात्र मांडू नये.

किलोमीटरच्या आकड्याने दचकण्याचे कारण नाही. या गाडीत नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, घासून झिजणारा क्लचही नाही, आणि वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करीत असल्याने ब्रेक पॅडही दीर्घकाळ टिकतात. भीती आहे ती मागील आसनापाठच्या बॅटरीची, आणि तिला अंतरापेक्षा उष्णता व वय अधिक भोवतात. वर्षानुवर्षे उन्हात उभी राहिलेली, पन्नास हजारच चाललेली गाडी रोज राबलेल्या गाडीहून वाईट निघू शकते. निकेल-मेटल हायड्राइड जातीची 34 मॉड्यूले एकापुढे एक जोडून 244.8 व्होल्टची ही बॅटरी सिद्ध होते, आणि औताचा एक बैल बसला की सगळे औत खोळंबावे, तसे एखाद्या अशक्त मॉड्यूलपायी सारा संच निकामी ठरतो. म्हणून इसार देण्यापूर्वी, गाडी रस्त्यावर धावत असता, स्कॅनरवर प्रत्येक गटाचे व्होल्टेज तपासवून त्याचा लेखी अहवाल घ्यावा. बॅटरीस थंड हवा पुरविणारी जाळी मागील आसनाच्या परिसरात असते. तीत धूळ किंवा घरच्या कुत्र्याचे केस अडकलेले दिसले, तर वेळच्या वेळी देखभाल झाल्याचे कथन कितपत खरे ते तेथेच कळेल. चालवून पाहताना पडद्यावरची चार्जची पट्टी काही मिनिटांत भरकन वर जाऊन तशीच खाली येत असेल, तर क्षमता आटली असे समजावे.

हमीची आशा धरू नये. आजच्या टोयोटा हायब्रिडांच्या बॅटरीस 8 वर्षे अथवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी भरेल तेवढी मुदत मिळते; तेच माप लावले तरी ही गाडी दोन्ही अंगांनी मुदतीबाहेर आहे. तेव्हा नव्या बॅटरीचे मजुरीसह लेखी दरपत्रक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरातून आणावे, आणि अहवाल चांगला आल्यास त्याची निम्मी रक्कम भावातून वजा मागावी. विक्रेता तपासणीसच नकार देत असेल तर संपूर्ण.

आता कायद्याची बाजू, जी परराज्यातील गाडीत अधिक खर्चाची असते. बंगळूरच्या नोंदणी-कार्यालयाचा नाहरकत दाखला विक्रेत्याने मिळवून द्यावयाचा. महाराष्ट्रात गाडी 12 महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर येथील नवा क्रमांक आणि गाडीच्या वयानुसार येथील एकरकमी कर आपणांस चुकत नाही. हा आकडा परिवहन कार्यालयातून आधीच काढवावा. कर्नाटकात भरलेल्या करापैकी उरल्या मुदतीचा परतावा मागता येतो, परंतु तो हाती पडेल तेव्हा खरा, सौद्याच्या हिशेबात त्यास स्थान देऊ नये. नोंदणीची 15 वर्षे 2031 मध्ये भरतील, तेव्हा फेरतपासणी व नूतनीकरण आहेच.

मालकी बदलाची सूचना 30 दिवसांत देणे आपले कर्तव्य आहे. विम्याचा तृतीय-पक्षी भाग गाडीबरोबर आपोआप आपणांकडे येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण हवे असल्यास 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. नो-क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचा, त्यामुळे त्या फरकाची रक्कम आपणांस भरावी लागेल. खाजगी गृहस्थाकडून एकदाच केलेल्या अशा खरेदीत, दुकानदाराविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जसे जाता येते, तसे जाता येत नाही, आणि परिचयाचा माणूस म्हटला की लिहून मागण्याचा संकोच वाटतो, तो येथे महाग पडेल. गाडी किती चालली, अपघात झाला काय, बॅटरी बदलली काय, ही विधाने खरेदीच्या कागदावर त्यांच्या सहीनिशी घ्यावीत. आणि नोंदणी-पुस्तिकेवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरल्याची नोंद व नाहरकत दाखला हाती येईतो, इसाराहून अधिक पैसे देऊ नयेत.