डोळ्यात जुनं फूल आहे? मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी सांगा

ताईंनो, मोतीबिंदूच्या शिबिरासाठी नावं लिहिताना आपण वय, आधार कार्ड, बीपी, शुगर विचारतो. यादीत आणखी एक रकाना करा: या डोळ्याला पूर्वी काही लागलं होतं का?

भाताचं किंवा उसाचं पातं डोळ्यात गेलं, जखम चिघळली, पुढे भरून आली. पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. यालाच आपण फूल पडणं म्हणतो. मोतीबिंदू मात्र आतल्या भिंगात असतो. आपल्याला दोन्ही पांढरंच दिसतं, म्हणून घोटाळा होतो. ऑपरेशनने मोतीबिंदू जातो, फूल तिथंच राहतं.

आणि अडचण नुसत्या डागाची नाही. पूर्ण डोळ्याची ताकद साधारण 60 नंबरची धरली, तर त्यातली 43-44 एकट्या बुबुळाची असते. आत कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं, हे बुबुळाचा गोलवा आणि डोळ्याची लांबी मोजून ठरतं. फुलामुळे किंवा नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेल्या मांसामुळे हा गोलवा वेडावाकडा होतो. मग पोचे आलेल्या मापाने धान्य मोजावं तसा हिशेब चुकतो. डाग दाट असला तर ऑपरेशन करताना डॉक्टरांना आतलं नीट दिसतही नाही.

म्हणून ते पुन्हा मोजमाप घेतात, बुबुळाचा नकाशा काढायला मोठ्या दवाखान्यात पाठवतात. ‘शिबिरातून परत पाठवलं’ म्हणून रागावू नका. वाढलेलं मांस आधी काढलं, तर बुबुळ स्थिर व्हायला काही आठवडे जातात. डोळे कोरडे असले तरी माप चुकतं. अशा वेळी आधी थेंब देतात.

आमच्या भागात एका आजींना ऑपरेशननंतरही धूसरच दिसत होतं. गावात लगेच ‘ऑपरेशन फसलं’ झालं आणि दोघींनी आपली नावं काढून घेतली. आजींचं फूल जुनंच होतं, पण त्यामुळे नजर किती येईल हे घरच्यांना कुणी समजावलंच नव्हतं. तेव्हा सही करण्याआधी विचारा: फूल असताना किती दिसेल? चष्म्याने भागेल का? विचारायला लाजू नका, तो आपला हक्कच आहे.

आणि शेतात डोळ्याला काही लागलं, तर मध, दूध घालू नका. मेडिकलमधून कुठलेही थेंब आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशीची जखम जास्तच चिघळते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, खुरपणी राहिली तरी चालेल.