नोंदींचे भांडार आणि त्याची देखरेख

शाळेच्या दप्तरात जनरल रजिस्टरास, म्हणजेच जुन्या शिक्षकांच्या दाखल-खारीज वहीस, जे महत्त्व आहे ते अन्य कोणत्याही वहीस नाही. मुलाचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा दिवस व शाळा सोडल्याचा दिवस या चार गोष्टींवर त्याचे पुढील आयुष्य कितीतरी अंशी अवलंबून असते. म्हणूनच त्या वहीतील अक्षर खोडून त्यावर दुसरे अक्षर काढू नये, पान फाडू नये व वही कोणाच्या हाती सहज देऊ नये, असा दंडक आहे. आज याच नोंदी संगणकावरही जातात. महाराष्ट्रात 2015 साली ‘सरल’ ही प्रणाली आली. त्यापूर्वीच यू-डायस ही देशव्यापी माहितीप्रणाली सुरू झाली होती. वही बदलली, तिची शिस्त मात्र बदललेली नाही. ती शिस्त यंत्रात कोणत्या रूपाने वसते, हे शिक्षकांस कळावे एवढाच या पाठाचा हेतू आहे.

1. एक उदाहरण

भाईंदर व नायगाव ही पश्चिम रेल्वेवरील लगतची दोन स्थानके आहेत. मध्ये वसईची खाडी आहे. भाईंदर ठाणे तालुक्यात मोडते, नायगाव वसई तालुक्यात. 31 जुलै 2014 पर्यंत हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. 1 ऑगस्ट 2014 रोजी वसईसह आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा निराळा झाला. ठाणे जिल्ह्याकडे सात तालुके उरले व मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातच राहिले.

आता असे समजावे की, प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत त्याच्या जिल्ह्याचे नाव लिहिलेले आहे. तसे असते, तर 1 ऑगस्टच्या सकाळी त्या आठ तालुक्यांतील प्रत्येक मुलाची ओळ दुरुस्त करावी लागली असती. लाखो ओळींत काही ओळी हमखास सुटल्या असत्या. मग एकाच शाळेतील निम्मी मुले ठाण्यात व निम्मी पालघरात दिसली असती!

यावर उपाय असा. तीन निराळे तक्ते करावेत. पहिल्यात विद्यार्थी व त्याच्या शाळेचा क्रमांक, दुसऱ्यात शाळा व तिच्या तालुक्याचा क्रमांक, तिसऱ्यात तालुका व त्याचा जिल्हा. जिल्हा बदलला की तिसऱ्या तक्त्यातील आठ ओळी बदलाव्या. विद्यार्थ्यांच्या एकाही ओळीस हात लावावा लागत नाही. मुलगा भाईंदरहून नायगावला गेला तर त्याच्या ओळीतील शाळेचा क्रमांक तेवढा बदलतो. नव्या शाळेमागोमाग तालुका व जिल्हा आपोआप येतात.

तक्त्यांस क्रमांकांनी परस्परांशी जोडण्याच्या या पद्धतीस संबंधाधिष्ठित पद्धती म्हणतात. एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत असताना 1970 साली ती एका निबंधात मांडली. या कार्यासाठी त्यास 1981 साली ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक याच जातीचा आहे. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असून महाराष्ट्रासाठी ते 27 आहेत.

2. भांडारपाल

तक्ते नुसते साठवून भागत नाही. एकाच वेळी शेकडो शिक्षक नोंदी करीत असता कोणास आत घ्यावे, कोणाची नोंद आधी व कोणाची नंतर लिहावी, अर्धवट राहिलेल्या नोंदीचे काय करावे, हे ठरविणारा कोणी हवा. हे काम करणाऱ्या कार्यक्रमास डेटाबेस सर्व्हर म्हणतात. मायएसक्यूएल हा त्यांतील सुप्रसिद्ध सर्व्हर 1995 साली स्वीडनमध्ये निर्माण झाला. तो विनामूल्य मिळतो, म्हणून एखाद्या शाळेस आपल्या ग्रंथालयाच्या नोंदी ठेवण्यासाठीही त्याचा उपयोग करता येतो. शासकीय प्रणालींचे सर्व्हर सांभाळणारे तज्ज्ञ निराळे असतात. तेथे शिक्षकाने हात घालावयाचा नाही. परंतु भांडारपालाचे काम कसे चालते हे ज्यास ठाऊक आहे, तो अडचणीच्या वेळी गोंधळत नाही.

या भांडारपालास हुकूम देण्याचे एक साधन मायएसक्यूएलॲडमिन या नावाचे आहे. त्यात चित्रे नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकावयाची व एन्टर दाबावयाचे. (येथे आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत टंकाव्यात.) व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर या ओळीत आज्ञा हे क्रियापद होय व पर्याय ही क्रियाविशेषणे होत. क्रिया कोठे, कोणाच्या नावे, किती वेळा व कशी करावयाची, हे पर्याय सांगतात. दीर्घ पर्यायापूर्वी दोन व ऱ्हस्व पर्यायापूर्वी एक आडवी रेघ देतात.

3. दारावरचे पर्याय

--होस्ट : सर्व्हर कोणत्या यंत्रावर आहे ते सांगतो. ऱ्हस्व रूप एच.
--पोर्ट : त्या यंत्राचे कोणते दार ठोठवावयाचे ते सांगतो. मायएसक्यूएलचे नेहमीचे दार 3306 क्रमांकाचे असते.
--यूजर : कोणाच्या नावाने आत जावयाचे ते सांगतो. ऱ्हस्व रूप यू.
--पासवर्ड : खूण विचारली जावी असे सांगतो. ऱ्हस्व रूप पी.

येथे दोन ठिकाणी नवशिका हमखास चुकतो. पोर्ट व पासवर्ड या दोहोंचे ऱ्हस्व रूप पी हेच आहे. मात्र पोर्टसाठी मोठ्या लिपीतील व पासवर्डसाठी लहान लिपीतील पी लागतो. दुसरी चूक अशी की, लहान पीपुढे मोकळी जागा सोडून पासवर्ड टंकला जातो. तसे केल्यास यंत्र त्या शब्दास पासवर्ड न समजता आज्ञा समजते.

खरे पाहता पासवर्ड त्या ओळीत लिहूच नये. ओळीत लिहिलेला पासवर्ड त्याच यंत्रावरील इतरांस दिसू शकतो व टंकलेल्या आज्ञांच्या यादीत मागे राहू शकतो. नुसते पी लिहून एन्टर दाबले असता यंत्र पासवर्ड स्वतः विचारते व टंकताना तो उघड दाखवीत नाही. ज्या कार्यालयात पासवर्ड भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतात, तेथे कपाटास कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवून ठेवल्यासारखे होते.

4. प्रकृतिमान पाहण्याच्या आज्ञा

पिंग. ‘जागा आहेस काय?’ एवढाच प्रश्न ही आज्ञा विचारते. हिची एक गोष्ट मननीय आहे. पासवर्ड चुकल्यामुळे प्रवेश नाकारला गेला, तरीही पिंग सर्व्हर जिवंत असल्याचाच निर्वाळा देते. कारण ‘आत येऊ नका’ असे सांगावयासही पहारेकरी जागा असावा लागतो! माहिती भरण्याची मुदत संपत आली असता ‘सर्व्हर बंद आहे’ अशी हाकाटी होते. त्या वेळी प्रथम हाच भेद करावा. उत्तरच येत नसेल तर बिघाड जोडणीत वा सर्व्हरात आहे. नकार येत असेल तर नाव किंवा पासवर्ड तपासावा. पहिल्यात शिक्षकाचा दोष नाही, दुसऱ्यात उपाय त्याच्या हाती आहे.

स्टेटस. सर्व्हर किती सेकंद अखंड चालू आहे, किती जोडण्या आहेत, आजवर किती प्रश्न विचारले गेले, त्यांतील मंद किती व दर सेकंदाची सरासरी किती, हे ती एका ओळीत सांगते. मूळ मांडणीप्रमाणे 10 सेकंदांहून अधिक वेळ घेणारा प्रश्न मंद समजतात. चालू सेकंद 86,400 असतील तर सर्व्हर बरोबर एक दिवस चालू आहे. केवळ 300 असतील तर पाच मिनिटांपूर्वी तो बंद पडून पुन्हा उठला आहे, असे समजावे.

सरासरीने मात्र फसू नये. वर्षाची सरासरी हजेरी चांगली असलेल्या वर्गातही आज निम्मी मुले गैरहजर असू शकतात. तद्वत सर्व्हरची सरासरी त्याच्या सर्व चालू काळाची असते, तीत या घटकेची गर्दी बुडून जाते. त्यासाठी तीन पर्याय आहेत. --स्लीप=10 म्हणजे दर 10 सेकंदांनी पुन्हा पाहा. --काउंट=6 म्हणजे सहा वेळा पाहून थांब. --रिलेटिव्ह म्हणजे एकूण आकडा न देता मागील वेळेपासूनचा फरक दे. यांपैकी काउंट हा स्लीपच्या सोबतीनेच चालतो. रिलेटिव्ह हा एक्स्टेंडेड-स्टेटस या सविस्तर आज्ञेबरोबर उपयोगी पडतो.

प्रोसेसलिस्ट. आत्ता आत कोण आहे, कोठून आला आहे, काय करीत आहे व किती वेळ, याची ही यादी. एखादी जोडणी अडून बसली असेल तर तिचा क्रमांक किल या आज्ञेस देऊन ती तोडता येते. परंतु तो क्रमांक म्हणजे पलीकडे बसलेला कोणी माणूस असू शकतो. इनोडीबी या रचनेच्या तक्त्यांत त्याचे अपुरे राहिलेले काम मागे फिरविले जाते व त्यास ते पुन्हा करावे लागते. यास्तव यादी वाचल्याखेरीज किल वापरू नये.

5. ‘खरोखरच?’ या प्रश्नाचे मोल

ड्रॉप ही आज्ञा संपूर्ण डेटाबेस, म्हणजे सर्व तक्ते व सर्व ओळी, नष्ट करते. ती देताच यंत्र बजावते की, हे करणे फार अनिष्ट ठरू शकते, यातील सर्व माहिती नाश पावेल, खरोखरच करावयाचे काय? येथे नुसते एन्टर दाबले तर त्याचा अर्थ ‘नाही’ असाच घेतला जातो. नाश करण्यासाठी मुद्दाम ‘होय’ म्हणावे लागते.

परंतु --फोर्स हा पर्याय जोडला की हा प्रश्नच विचारला जात नाही. शिवाय एका ओळीत अनेक आज्ञा दिल्या असतील तर एक आज्ञा फसली तरी यंत्र पुढच्या आज्ञेकडे जाते. हा पर्याय निरुपयोगी नव्हे. रात्री यंत्राने आपोआप करावयाच्या कामांत उत्तर देण्यास कोणी बसलेले नसते, तेथे त्याचे प्रयोजन आहे. माणूस समोर बसलेला असता मात्र तो वापरण्याचे कारण नाही. जनरल रजिस्टरातील दुरुस्तीस वरिष्ठांची मान्यता लागते, ती अडवणूक नव्हे. घाईत असलेल्या हातास क्षणभर थांबविणे हेच तिचे काम होय. मीठ काढण्याच्या किंवा वीटभट्टीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणाऱ्या मुलाचे नाव एका चुकीच्या हुकुमाने पुसले गेले, तर ते पुन्हा आणून देणारे त्याच्या घरी कोणी नसते. त्याचा कैवारी ती नोंद आणि ती सांभाळणारा शिक्षकच.

6. दुसरी प्रत

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी तळमजल्यावरील कपाट व त्याच खोलीतील संगणक एकदमच पाण्यात जातात. म्हणून मायएसक्यूएलडंप या साधनाने सर्व तक्त्यांची प्रत काढावी व ती दुसऱ्या इमारतीत ठेवावी. काम चालू असताना प्रत घ्यावयाची असेल, तर इनोडीबी तक्त्यांसाठी --सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय लावावा. त्यामुळे सर्व तक्ते एकाच क्षणाचे मिळतात, अर्धे आधीचे व अर्धे नंतरचे असे होत नाही. प्रत घेणे म्हणजे निम्मे काम. त्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर तक्ते पुन्हा उभे करून पाहिल्यावाचून ते पुरे झाले असे मानू नये.

सर्व्हर बंद करावयाचा झाल्यास विजेचे बटण दाबू नये, शटडाउन ही आज्ञा द्यावी. शाळा सुटताना घंटा देतात, एकाएकी दारे लावून घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

वर्गातील प्रयोग

संगणक नसला तरी हा पाठ इयत्ता सहावी-सातवीस शिकविता येईल. तीन कागदांवर वरील तीन तक्ते काढावेत. विद्यार्थ्यांच्या तक्त्यात मुलांची खरी नावे न घालता कल्पित नावे घालावीत. एका मुलास भांडारपाल करावे. त्याने विचारणाऱ्याचे नाव व खूण पटल्यावरच तक्ता पाहून उत्तर द्यावे. पुसण्याची आज्ञा आल्यास ‘खरोखरच काय?’ असे विचारावे. मग एका तालुक्याचा जिल्हा बदलून किती ओळी बदलाव्या लागल्या, ते मुलांकडून मोजून घ्यावे.

स्वाध्याय

1. प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळीत जिल्ह्याचे नाव लिहिण्यात कोणता दोष आहे?
2. पिंग उत्तर देते, पण स्टेटस प्रवेश नाकारला असे सांगते. बिघाड कोठे असावा?
3. सर्व्हर 1,200 सेकंद चालू असून 6,00,000 प्रश्न विचारले गेले आहेत. दर सेकंदाची सरासरी काढा. या घटकेची गर्दी तीवरून का कळत नाही?
4. --स्लीप=10 व --काउंट=6 दिले असता पहिल्या व शेवटच्या पाहणीत सुमारे किती सेकंदांचे अंतर पडेल? उत्तर 60 का नाही?
5. आपल्या शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत कोठे आहे, ती कोणत्या तारखेची आहे व ती उघडून कोणी पाहिली आहे काय, याचा शोध घेऊन तीन ओळी लिहा.